१२ जुलै म्हणजे त्यांचा गणेशोत्सव नव्हे

जुलै उजाडला की व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरू लागतो. उत्तर आयर्लंडमधला रस्ता, काळ्या गोल टोप्या घातलेले, गळ्यात नारिंगी पट्टे घेतलेले पुरुष ओळीने चाललेले. खालचा मजकूर असा: ऑरेंज ऑर्डर ही विल्यम राजाने १६९० साली स्थापन केलेली प्रॉटेस्टंटांची धार्मिक संस्था, फ्रीमेसन या गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघटनेची शाखा, राजकारणाशी संबंध नाही, आयर्लंडबाहेर कुणी विचारत नाही, आणि १२ जुलैची मिरवणूक म्हणजे त्यांचा गणेशोत्सव.

आधी स्थापनेचं बघू. ऑरेंज घराण्यातला विल्यम हा इंग्लंडचा प्रॉटेस्टंट राजा. त्याने आयर्लंडमधली बॉइन नदीकाठची लढाई १६९० मध्ये कॅथलिक राजा जेम्सविरुद्ध जिंकली (१२ जुलैची मिरवणूक तिच्याच आठवणीची) आणि १७०२ मध्ये तो वारला. ऑर्डर निघाली सप्टेंबर १७९५ मध्ये, आर्मा परगण्यात. तिथे प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक विणकर-शेतकरी जमिनीवरून आणि मागाच्या धंद्यावरून एकमेकांच्या जिवावर उठले होते. डायमंड नावाच्या चौफुलीवर चकमक झाली, कॅथलिक बाजूची माणसं मेली, आणि त्यातूनच संस्था उभी राहिली. पुढच्या काही महिन्यांत त्या भागातल्या हजारो कॅथलिकांना घरदार सोडून पळावं लागलं. कित्येकांचे माग फोडले गेले. विल्यमचं फक्त नाव घेतलं, मूळ भांडण गावातलं होतं.

फ्रीमेसनांचं म्हणाल, तर संस्थापकांपैकी काहीजण मेसन होते. लॉज म्हणजे स्थानिक शाखा, सभासदांच्या दर्जाच्या पायऱ्या, खुणेचे शब्द हा साचा तिथूनच घेतलेला. पण मेसन लॉजचं दार कॅथलिकाला बंद नाही, ऑरेंज लॉजचं आहे.

‘राजकारणाशी संबंध नाही’ हे तर धडधडीत खोटं. १९०५ मध्ये अल्स्टर युनियनिस्ट कौन्सिल, म्हणजे आयर्लंड ब्रिटनशी जोडलेलंच राहावं म्हणणाऱ्यांची राजकीय संघटना, स्थापन झाली तेव्हा तिच्यात ऑरेंज लॉजच्या प्रतिनिधींना हक्काच्या जागा होत्या, आणि हे नातं अधिकृतपणे तुटलं ते थेट २००५ मध्ये. म्हणजे शंभर वर्षं! १९२१ ते १९७२ या काळात उत्तर आयर्लंडला सहा पंतप्रधान मिळाले. सहाही जण ऑर्डरचे सभासद. पहिले पंतप्रधान जेम्स क्रेग यांनी १९३४ मध्ये तिथल्या संसदेत सांगून टाकलं की आपण आधी ऑरेंजमन आहोत, राजकारणी नंतर. इतकं उघड बोललेलं असताना ‘निव्वळ धार्मिक’ म्हणायचं कसं? मात्र ऑर्डर पहिल्यापासून लंडनच्या सांगण्यावर चालत होती, असंही नाही. आयर्लंड ब्रिटनमध्ये विलीन करणाऱ्या १८०० च्या कायद्याला अनेक लॉजनी विरोधच केला होता.

आयर्लंडबाहेर कॅनडा बघा. पहिले पंतप्रधान जॉन ए. मॅकडोनल्ड सभासद होते. १८९४ मध्ये पंतप्रधान झालेले मॅकेन्झी बोवेल तर त्याआधी तिथल्या ऑर्डरचे प्रमुख होते. टोरंटोचं महापौरपद पिढ्यान्‌पिढ्या ऑरेंजमनांकडे राहिलं. त्या शहराला उत्तर आयर्लंडच्या राजधानीवरून ‘कॅनडाचं बेलफास्ट’ म्हणत. आज तिथे राहणाऱ्या मराठी माणसांपैकी किती जणांना हे माहीत असेल?

आता गणेशोत्सव. तिथेही ढोल असतो, लॅम्बेग नावाचा. बकऱ्याच्या कातड्याचा, वादकाचं अख्खं धड झाकून टाकणारा, वेताच्या छड्यांनी बडवलेला. तो आवाज ऐकून आपल्याला घरचं वाटेल. पण मिरवणूक कुणाच्या दारावरून न्यायची हा प्रश्न किती पेटू शकतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आर्मा परगण्यातल्या पोर्टडाउन गावच्या लॉजला ड्रमक्रीच्या चर्चमधून परतताना गार्वाही रोडवरूनच जायचं होतं, आणि त्या रस्त्यावर वस्ती कॅथलिकांची. १९९८ मध्ये परवानगी नाकारली गेली, हजारो लोक चर्चपाशी तळ ठोकून बसले, प्रांतभर जाळपोळ सुरू झाली. १२ जुलैच्या पहाटे बॅलीमनी गावात एका घरावर पेट्रोल बॉम्ब पडला. तीन लहान भाऊ जळून गेले. त्यांची आई कॅथलिक होती.

त्याच दिवशी ऑर्डरचेच एक धर्मगुरू, विल्यम बिंगहॅम, आपल्या माणसांसमोर उभे राहिले. या मुलांच्या शवपेट्यांच्या सावलीत गार्वाही रोडवरून पंधरा मिनिटं चालण्याचा विजय पोकळ ठरेल, असं त्यांनी सांगितलं. त्या रस्त्यावरून ती मिरवणूक शेवटची गेली १९९७ मध्ये.