फोन माझा, हप्ते माझे आणि अपडेट त्यांच्या मर्जीने

महिन्याभरापूर्वी एका रविवारी सकाळी साताऱ्याहून दादाचा व्हिडिओ कॉल आला. वहिनीच्या फोनवरून, कारण स्वतःचा फोन त्याला मला दाखवायचा होता. "तू सांगितलंस तसं सेटिंगमध्ये गेलो. अपडेट आलेलंच होतं, रात्री चार्जिंगला लावून टाकलं. आता बघ बरं, नीट झालंय का?" त्याने फोन कॅमेऱ्यापुढे धरला. आधी नुसता उजेड दिसला, हात जरा मागे घेतल्यावर अक्षरं उमटली. अँड्रॉइड सिक्युरिटी पॅच लेव्हल, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या कुठवरच्या बसल्यात ते, आणि त्याखाली त्याच महिन्याची तारीख.

मला हायसं वाटलं. दुकानाचे पैसे त्याच फोनवर येतात, आईच्या पेन्शनचं खातंही त्यावरच आहे. मग मी माझा फोन उघडला. मागच्या दिवाळीत आम्ही ठरवून एकच मॉडेल घेतलं होतं, त्याचं काही अडलं तर मला इथून सांगता यावं म्हणून. त्याने पोवई नाक्यावरच्या दुकानातून रोख पैसे मोजून घेतला. मी इथे न्यू जर्सीत मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीच्या दुकानातून घेतला, ३६ महिन्यांच्या हप्त्यांवर. माझ्या फोनवरची तारीख तीन महिन्यांपूर्वीची. 'अपडेट तपासा' दाबलं. चक्र फिरलं, हिरवी खूण आली आणि खाली ओळ: तुमचं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे.

धडधडीत खोटं! अद्ययावत असतं तर साताऱ्यातल्या फोनवर वेगळी तारीख कशी? सरळ लिहा ना, की दुरुस्ती तयार आहे पण आम्ही ती अजून सोडलेली नाही. निदान मला कळेल तरी की माझ्या दाराची कडी तुटलेली आहे. हिरवी खूण दाखवून मला गाढ झोपवता कशाला?

मी नवीन इमोजी मागत नाहीये, नवीन रंगरूप मागत नाहीये. फोनमध्ये सापडलेली भोकं बुजवा, एवढंच. ऑगस्ट २०१५ पासून गूगल दर महिन्याला या दुरुस्त्यांचं बुलेटिन काढतं. फोन बनवणाऱ्या कंपन्यांना हे दोष बुलेटिन निघण्याच्या निदान एक महिना आधी कळवलेले असतात. मग बुलेटिन जाहीर होतं आणि कुठे काय चुकलं होतं ते सगळ्या जगाला वाचायला मिळतं. चोरालाही मिळतं. त्या दिवसानंतर अपडेट न मिळालेला प्रत्येक फोन म्हणजे पत्ता छापून आलेलं उघडं घर. कधीकधी तर त्याच बुलेटिनमध्ये लिहिलेलं असतं की अमुक दोषाचा वापर करून काही लोकांवर हल्ले सुरू असल्याची चिन्हं आहेत. हे मी बसमध्ये वाचते, ज्या फोनला ते भोक आहे त्याच फोनवर.

आता ही दुरुस्ती माझ्यापर्यंत यायची कशी? गूगलकडून निघते, चिप बनवणाऱ्याकडचे तुकडे त्यात येतात, फोन बनवणारा आपल्या मॉडेलवर बसवून बघतो. इथवर ठीक आहे, ज्याने वस्तू बनवली त्याने ती तपासावी. पण अमेरिकेत तुम्ही फोन मोबाइल कंपनीकडून घेतला असेल, तर यापुढे ती कंपनी बसलेली असते. तिचं स्वतःचं सर्टिफिकेशन, म्हणजे तिची वेगळी तपासणी आणि मंजुरी. ते होईपर्यंत अपडेट तिच्या दारात अडकून पडतं. भारतात बहुतेक लोक दुकानातून मोकळा फोन घेतात आणि आपल्याला हवं ते सिम घालतात, म्हणून दादाच्या वाटेत हा नाकाच नाही. (तिथे स्वस्त फोनांना बनवणाराच अपडेट देत नाही, ते दुखणं वेगळं आणि तेवढंच संतापजनक.)

सर्टिफिकेशन कशाला, तर म्हणे नेटवर्क सुरक्षित राहावं, कॉल तुटू नयेत, इमर्जन्सी नंबर लागावा. हे कारण ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण माझं पोट टेस्टिंगवर चालतं. विम्याच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते, बारा वर्षं झाली. प्रॉडक्शनमध्ये सुरक्षेचा दोष निघाला तर आम्ही शनिवार-रविवार बसून रिग्रेशन काढतो, म्हणजे आधीचं काही मोडलं नाही ना ते तपासतो, आणि हॉटफिक्स, म्हणजे तातडीची दुरुस्ती, बाहेर जाते. तीन महिने लावले असते तर आमची अख्खी टीम घरी बसली असती. टेस्टिंगला वेळ लागतो, कबूल. पण फोटो उघडणाऱ्या कोडमधली एक चूक दुरुस्त केली म्हणून टॉवरला काय होणार आहे? मोडेमला, म्हणजे टॉवरशी बोलणाऱ्या भागाला, हात लावलाय तिथे तपासा की हवं तेवढं. सगळं एकाच गाठोड्यात बांधून ते गाठोडं महिनोन् महिने फळीवर ठेवणं याला मी टेस्टिंग म्हणत नाही.

आणि पुरावा माझ्या शेजारच्या डेस्कवरच बसतो. माझ्या मैत्रिणीने हाच फोन, अमेरिकेतलाच, बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून पूर्ण पैसे भरून घेतला. चिप तीच, मोडेम तोच. सिम तर माझ्याच कंपनीचं आहे तिचं! तिला हे अपडेट पाच आठवड्यांपूर्वी मिळालं. पाच आठवडे ती त्याच टॉवरवरून बोलतेय, त्याच टॉवरवरून नकाशे बघतेय. नेटवर्क कोसळलं नाही. कुणाचा कॉल तुटला नाही. मग माझ्याच फोनवर घालायला काय धोका होता? तिच्या आणि माझ्या फोनमध्ये फरक एवढाच, की माझा सुरू होताना त्यांचा लोगो येतो आणि आत त्यांची अॅप्स ठासून भरलेली आहेत.

त्या अॅप्सबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतेच. काढून टाकता येत नाहीत, फक्त बंद करता येतात. मागचं अपडेट शेवटी एकदाचं आलं तेव्हा फोन रीस्टार्ट झाला आणि स्क्रीनवर दोन खेळ आणि एक खरेदीचं अॅप उगवलं होतं, मी न मागता. म्हणजे जाहिरातीचं अॅप माझ्या फोनमध्ये घुसवायला यांना सर्टिफिकेशन आडवं येत नाही. ते रातोरात येतं. माझ्या बँकेचा पासवर्ड सुरक्षित ठेवणारी दुरुस्ती तेवढी तीन महिने लटकते. कुणाच्या सोयीने चाललंय हे सगळं?

हेल्पलाइनला चॅट केलं. पहिला म्हणाला, फोन रीस्टार्ट करा. केला. सिम काढून घाला. घातलं. मग म्हणाला, तुमच्या भागात अपडेट टप्प्याटप्प्याने येतंय. मी विचारलं, कोणत्या टप्प्यात आहे, तारीख सांगा. त्याने मला दुसरीकडे जोडलं. तिने सांगितलं की अपडेट फोन बनवणारा देतो, त्यांना विचारा. फोन बनवणाऱ्याच्या चॅटवर गेले, तर तिथे उत्तर तयारच होतं: वेळापत्रक तुमच्या सेवा कंपनीवर अवलंबून असतं. एक तास चाळीस मिनिटं. याने त्याच्याकडे बोट दाखवायचं, त्याने याच्याकडे, आणि मी मधे चेंडूसारखी. समोरच्या पोरांवर माझा राग नाही, त्यांच्या हातात काही नाही हे कळतं मला. ज्यांच्या हातात आहे ते कधी चॅटवर येतच नाहीत.

हे काल-परवाचं दुखणंही नाही. २०१२ मध्ये गॅलेक्सी नेक्सस नावाचा फोन होता, खुद्द गूगलचा, थेट अपडेट मिळतील असं सांगून विकलेला. त्याच्या जीएसएम (जगात बहुतेक ठिकाणी चालणाऱ्या नेटवर्कच्या) फोनांना अँड्रॉइड ४.१ जुलैमध्ये मिळालं. व्हेरायझन या इथल्या मोबाइल कंपनीकडून घेतलेल्यांना सप्टेंबर उजाडला. एप्रिल २०१३ मध्ये एसीएलयू या नागरी हक्कांच्या संस्थेने इथल्या चार मोठ्या मोबाइल कंपन्यांविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे तक्रार केली. मागणी किती साधी होती बघा: दुरुस्त न केलेला दोष असेल तर ग्राहकाला तसं सांगा, आणि दंड न घेता त्याला करारातून बाहेर पडू द्या. बारा वर्षं उलटून गेली. मला अजून कुणी काही सांगत नाही, आणि मी आज सोडून गेले तर उरलेल्या हप्त्यांची सगळी रक्कम एकदम मागतील, हप्त्यांवरची सूटही बंद होईल.

जुलै २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाचं भोक निघालं. जोशुआ ड्रेक या संशोधकाने शोधलं की नुसता एक एमएमएस (फोटो-व्हिडिओचा मेसेज) पाठवून अँड्रॉइड फोनचा ताबा घेता येऊ शकतो, काही फोनांवर तर मालकाने तो उघडायचीही गरज नाही. तेव्हाचा अंदाज ९५ कोटी फोनांचा होता. आणि एमएमएस येतो कुठून? या मोबाइल कंपन्यांच्याच तारांतून. जर्मनीत डॉइश टेलिकॉमने लगेच ऑगस्टमध्ये एमएमएस आपोआप पोचवणं थांबवलं. म्हणजे मनात आणलं तर या कंपन्यांना झटपट हलता येतं!

त्यानंतर मे २०१६ मध्ये चौकशी सुरू झाली. फेडरल ट्रेड कमिशनने आठ फोन कंपन्यांकडून माहिती मागवली, एफसीसी या दूरसंचारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने मोबाइल कंपन्यांना पत्रं लिहिली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ट्रेड कमिशनचा अहवाल आला. सुरक्षेची अपडेट्स बाकीच्या बदलांपासून वेगळी करून लवकर देण्याचा विचार करा, फोनला किती काळ अपडेट मिळेल ते ग्राहकाला आधी सांगा, असं त्यात होतं. उत्तम. पण शिफारस ती शिफारस, बंधन कुणावर काहीच नाही. इथलंच सरकार स्वतःच्या खात्यांना मात्र सोडत नाही. सिसा ही त्यांची सायबर सुरक्षा संस्था नोव्हेंबर २०२१ पासून एक यादी ठेवते, ज्या दोषांचा वापर करून खरोखर हल्ले होतायत त्यांची. त्यात अँड्रॉइडचे दोषही येतात, आणि सरकारी कार्यालयांना ते दुरुस्त करायला सहसा दोन-तीन आठवड्यांची मुदत असते. सरकारी कारकुनाच्या फोनला तीन आठवडे. आणि त्याच देशात कर भरणाऱ्या बाईच्या फोनला? मोबाइल कंपनीच्या मनात येईल तेव्हा.

हे तांत्रिकदृष्ट्या जमत नाही असं तर कुणी मला सांगूच नये. आयफोनचं अपडेट अॅपल एका दिवशी सोडतं आणि ते जगभर मिळतं, तुम्ही कुणाचंही सिम घाला. गूगलनेही २०१९ मध्ये अँड्रॉइड १० पासून काही भाग प्ले स्टोअरच्या वाटेने परस्पर दुरुस्त करायची सोय केली, म्हणजे या मधल्यांना वळसा घालूनच. पण कर्नल (सिस्टीमचा गाभा), चिपचे ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर), मोडेम हे सगळं अजून जुन्याच रस्त्याने येतं. आता सात-सात वर्षं अपडेट देऊ अशा जाहिराती आहेत. गूगलच्या पिक्सेल ८ ने २०२३ मध्ये सुरुवात केली, सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ ने २०२४ मध्ये. किती वर्षं ते सांगितलं, पण बुलेटिन निघाल्यापासून किती दिवसांत देणार ते कुणी सांगत नाही. सात वर्षं दर वेळी तीन महिने उशिरा मिळणार असेल तर मी सातही वर्षं उघड्यावरच ना?

युरोपने २० जून २०२५ पासून नियम लावलाय, बाजारात मॉडेल येणं थांबल्यावरही निदान पाच वर्षं अपडेट द्यायचं. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळेल ते विकतानाच सांगावं लागतं. इथे मला दुकानात फोनचा रंग विचारला, कव्हर हवं का विचारलं, विमा घ्या म्हणून तीनदा गळ घातली. अपडेट आमच्या हातात असेल, हे अवाक्षरानेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तिथूनच परत फिरले असते.

हेल्पलाइनशी चॅट झालं त्याच संध्याकाळी एफसीसीकडे तक्रार टाकली. अशा तक्रारीला कंपनीने ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. सव्विसाव्या दिवशी आलं. माझं नाव, माझा नंबर, ग्राहक म्हणून माझे आभार, आणि मग एक वाक्य: अपडेटचं वेळापत्रक फोन बनवणाऱ्याच्या सहकार्याने ठरवलं जातं आणि तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कोणत्या महिन्याचं अपडेट कधी देणार, याबद्दल एक शब्द नाही. मी तक्रार पुन्हा उघडली आहे. सोबत तीन स्क्रीनशॉट जोडलेत, दादाचा, मैत्रिणीचा आणि माझा, तिन्हींवर तारखांना लाल गोल करून.

तोवर बँकेचं अॅप मी फोनवरून काढून टाकलंय, लॅपटॉपवरून व्यवहार करते. नणंद पुढच्या महिन्यात इथे शिकायला येतेय, तिला आत्ताच कळवलंय की कुणी फुकट फोन देतो म्हणालं तरी सही करू नकोस, येताना पुण्यातून आणू नकोस आणि यांच्या दुकानातूनही घेऊ नकोस, इथल्या बँडवर चालणारा मोकळा फोन आपण बनवणाऱ्याकडून घेऊ, पैसे मी भरते. माझे अजून २६ हप्ते बाकी आहेत. आजही सकाळी 'अपडेट तपासा' दाबलं. तीच हिरवी खूण.