‘डिसमिस्ड’ म्हणजे कर्ज माफ? कुणी सांगितलं हे!

परवा रात्री साडेअकराला ताईचा फोन. "अगं, किचनचे पैसे बुडाले की गं आमचे." ताई न्यू जर्सीत राहते. किचनच्या कामासाठी तिने एका कॉन्ट्रॅक्टरला ४,२०० डॉलर डिपॉझिट दिलं होतं, त्याने जुनी कपाटं उचकटली आणि गायब झाला, मग त्याने चॅप्टर १३ ची, म्हणजे हप्त्यांनी कर्ज फेडायची, दिवाळखोरी टाकल्याची नोटीस पोस्टाने आली, ती ताईने ड्रॉवरमध्ये टाकली. इथपर्यंत मला माहीत होतं. आता दुसरं पत्र आलं, त्यात ‘केस डिसमिस्ड’ असं लिहिलंय, आणि नेमका त्याच दिवशी तिच्या मराठी ग्रुपवर एक फॉरवर्ड पडला. तो वाचून भावजींनी निकाल देऊन टाकला: विषय संपला, पैसे विसर.

फॉरवर्डचं नाव ‘अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी माणसाने वाचावे’. त्यात म्हटलंय की दिवाळखोरीचे रेकॉर्ड सील असतात, वकिलाशिवाय कुणाला बघता येत नाहीत; खात्री करायची तर काउंटी कोर्टात विचारा, तिथे नाव नसेल तर माणूस ‘क्लीन’; केसपुढे डिसमिस्ड दिसलं की कर्ज माफ झालं, पैसे मागाल तर तुमच्यावरच केस होईल; नोटीस आली तरी काही भरून पाठवू नका, यादीत नाव असेल तर पैसे आपोआप येतात; आणि शेवटी, स्वतःचं रेकॉर्ड पुसायचं असेल तर या नंबरवर फोन करा. हा शेवटचा नंबर बघितला तेव्हाच माझं डोकं फिरलं. मी वकील नाही. पण आमच्या ऑफिसात येणी वसुलीचं काम माझ्याकडे आहे, अशा नोटिसा दर आठवड्याला टेबलावर येतात, त्यामुळे एवढं तरी सांगू शकते.

आधी सीलचं. साफ खोटं. बँकरप्सी कोडचं, म्हणजे दिवाळखोरीच्या कायद्याचं, कलम १०७ उघडून वाचा, दोन मिनिटं लागतात. केसमध्ये दाखल झालेला कागद आणि कोर्टाचं डॉकेट (केसमध्ये काय काय घडलं त्याची यादी) हे पब्लिक रेकॉर्ड आहे आणि कामाच्या वेळात कुणालाही फुकट बघता येतं, असं तिथे सरळ लिहिलंय. अपवाद आहेत, कोर्ट एखादा कागद झाकू शकतं, सोशल सिक्युरिटी नंबरचे फक्त शेवटचे चार आकडे ठेवतात, लहान मुलांची नावं आद्याक्षरांनी देतात. म्हणजे थोडं झाकलेलं असतं हे मान्य. पण त्यावरून सगळं कपाटच कुलपात आहे म्हणायचं?

हां, ऑनलाइन बघायला पैसे लागतात हे खरं आहे, आणि ते मलाही पटत नाही. पेसर नावाची फेडरल कोर्टांची साइट आहे, तिथे पानाला १० सेंट, पण एका डॉक्युमेंटला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांत तुमचं बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर सगळंच माफ. घरातल्या माणसाला एक केस बघायला ३० डॉलर कशाला लागतील! तेही नको असेल तर कोर्टाच्या क्लर्क ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर फुकट बघा, प्रिंटचेच काय ते पैसे. कुणीतरी आधी डाउनलोड केलेले बरेच कागद कोर्टलिसनरवर फुकट सापडतात. केस आहे की नाही एवढंच विचारायचं तर टोल फ्री फोनवरही कळतं.

काउंटी कोर्टाचं तर हसूच आलं. दिवाळखोरी हा फेडरल विषय आहे, काउंटीवाल्यांकडे ती केस नसतेच, मग नाव सापडणार कुठून? न्यू जर्सीत बँकरप्सी कोर्ट बसतं नेवार्क, ट्रेंटन आणि कॅम्डेनला. कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्या राज्यात राहत असेल तर केस तिथे असणार, म्हणून पेसरवर आख्ख्या देशात एकदम शोधायची सोय वापरा. आणि नाव नीट बघा, माणसाचं नाव आणि त्याच्या एलएलसीचं, म्हणजे कंपनीचं, नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केस त्याने स्वतःच्या नावावर टाकली आणि तुमचं काँट्रॅक्ट एलएलसीशी असेल तर सगळं गणितच बदलतं.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसले. डिसमिस्ड म्हणजे कर्ज माफ.

उलटं आहे हो, अगदी उलटं! कर्ज माफ होतं त्याला शब्द आहे डिस्चार्ज. डिसमिस म्हणजे कोर्टाने केसच काढून टाकली, बहुतेक वेळा त्या माणसाने कागद दिले नाहीत किंवा चॅप्टर १३ चे ठरलेले हप्ते भरले नाहीत म्हणून. हप्ते थकून डिसमिस होणारे चॅप्टर १३ वाले रग्गड असतात, ऑफिसात आम्ही त्या पत्राची वाटच बघत असतो. कारण केस चालू असताना वसुलीला जी मनाई असते, ऑटोमॅटिक स्टे म्हणतात तिला, त्या काळात फोन करून पैसे मागितले तरी तुम्ही अडचणीत येता, फॉरवर्डवाल्याने कुठूनतरी एवढं अर्धं ऐकलेलं दिसतंय, पण केस डिसमिस झाली की ती मनाई उठते आणि कर्ज होतं तिथेच असतं. म्हणजे ज्या दिवशी ताईला कायद्याने पैसे मागायची मोकळीक मिळाली त्याच दिवशी या फॉरवर्डने तिला गप्प बसवलं. आणि हा माणूस पुन्हा दिवाळखोरी टाकू शकतो, कधीकधी १८० दिवसांची बंदी असते पण दरवेळी नाही, म्हणून यात दिवस घालवून चालत नाही. न्यू जर्सीत स्मॉल क्लेम्सची, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टाची, मर्यादा ५,००० डॉलर आहे, ताईचे ४,२०० त्यात आरामात बसतात.

तिसरा शब्द क्लोज्ड किंवा टर्मिनेटेड. त्याचा अर्थ फाइल बंद झाली, बस. माफी मिळून बंद झाली की न मिळता, ते डॉकेटमध्ये वर जाऊन शोधावं लागतं. आणखी एक गंमत: कंपनीने चॅप्टर ७ (असेल ते विकून वाटून टाकायची दिवाळखोरी) टाकलं तर कंपनीला डिस्चार्ज मिळतच नाही, तो फक्त माणसांना. कंपनी रिकामी होऊन पडून राहते. तिथे पैसे मिळणं कठीणच, पण का कठीण ते तरी बरोबर सांगा. माणसाला डिस्चार्ज मिळाला तरी फसवून घेतलेलं कर्ज त्यातून वगळून घेता येतं, फक्त तशी तक्रार लवकर टाकावी लागते, क्रेडिटर्सच्या, म्हणजे ज्यांचं येणं आहे त्यांच्या, पहिल्या मीटिंगच्या ठरलेल्या तारखेपासून ६० दिवसांत. ही तारीख ताईच्या ड्रॉवरमधल्या त्या पहिल्या नोटिशीवर छापलेली असते. हो, ड्रॉवरमधल्याच.

नोटीस आली तरी काही भरू नका, यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. चॅप्टर ११ मध्ये, म्हणजे बहुतेकदा धंदा चालू ठेवून टाकलेल्या दिवाळखोरीत, तुमचं येणं त्यांनी स्वतः बिनवाद, पक्क्या रकमेचं म्हणून दाखवलं असेल तर वेगळा क्लेम, म्हणजे आपल्या येण्याचा दावा, टाकला नाही तरी चालतं. चॅप्टर ७ मध्ये वाटायला काहीच नसेल तर नोटिशीतच सांगतात की आत्ता क्लेम पाठवू नका. पण चॅप्टर १३ मध्ये, आणि चॅप्टर ७ मध्ये मालमत्ता निघाली तर, प्रूफ ऑफ क्लेम भरल्याशिवाय दमडी मिळेल अशी आशा धरू नका. फॉर्म ४१०, फुकट, वकील लागत नाही, चॅप्टर १३ मध्ये मुदत साधारण ७० दिवस. आणि घरच्या कामासाठी दिलेल्या डिपॉझिटला तर रांगेत थोडं पुढचं स्थान असतं, १ एप्रिल २०२५ पासूनच्या केसेसमध्ये ३,८०० डॉलरपर्यंत. ताईने ते भरलं नाही, आणि ते मी तिला बोलूनही दाखवलं.

रेकॉर्ड पुसून देणाऱ्याबद्दल काय बोलायचं. क्रेडिट रिपोर्टवरून दिवाळखोरी जास्तीत जास्त १० वर्षांनी जाते, चॅप्टर १३ सहसा ७ वर्षांनीच काढतात, आणि ती आपोआप जाते. कोर्टातली फाइल पैसे देऊन जात नाही, जुनी झाली की सरकारी अभिलेखागारात जाते. तो नंबर ब्लॉक करा.

काल ताईला पेसरवर बसवलं. अकाउंट उघडायलाच अर्धा तास गेला, पासवर्डवरून दोघींची भांडणंही झाली. आधी डॉकेट बघितलं, डिसमिसनंतर केस परत उभी करायचा अर्ज वगैरे काही नव्हता. मग त्याने सुरुवातीला दाखल केलेले कागद उघडले आणि शेड्यूल ई/एफ शोधलं, म्हणजे बिनतारण कर्जांची यादी. अकराव्या नंबरला ताईचं नाव, पत्ता, पुढे रक्कम ४,२००, आणि ‘वादग्रस्त’च्या चौकोनात खूण नाही, म्हणजे देणं त्याने स्वतःच मान्य केलेलं. शेवटच्या पानावर खोटं असेल तर शिक्षा मान्य म्हणून त्याची सही. सगळं मिळून बिल चार डॉलरच्या आत, तेही माफ. भावजी मागे उभे राहून बघत होते, म्हणाले, "याच्या दोन प्रिंट काढ."