म्युनिकला पाचवा नंबर

जगातल्या सर्वोत्तम फुटबॉल स्टेडियमची कसली ना कसली यादी कोल्हापूरच्या आमच्या ग्रुपवर सारखी येत असते. वातावरण, वास्तुरचना, प्रेक्षकांचा अनुभव असे तीन रकाने, प्रत्येकाला दहापैकी मार्क, आणि बेरजेवरून नंबर. लंडनचं वेम्बली, ब्राझीलचं माराकाना, म्युनिकचं अलियान्झ अरेना आलटूनपालटून वर-खाली होत राहतात. यादीखालचं भांडणही ठरलेलं. निम्मे म्हणतात, ‘भावा, आपल्याकडं असलं कधी होणार?’ उरलेले निम्मे म्हणतात, ‘आपल्या पब्लिकला असलं देऊन उपयोग काय? चार दिवसांत खुर्च्या मोडतील.’

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर आला आणि थोड्याच वेळात निघून गेला. मागं चिडलेल्या लोकांनी खरंच खुर्च्या आणि बाटल्या फेकल्या. दुसऱ्या पार्टीला आयता पुरावा मिळाला. मोडतोड वाईटच, तिची बाजू मी घेणार नाही. पण हजारो रुपये भरून आलेल्या माणसाला पुढारी, अधिकारी आणि फोटोवाल्यांच्या गराड्यात मेस्सी धड दिसलाही नाही, याला प्रेक्षकांच्या अनुभवाच्या रकान्यात किती मार्क द्यायचे, हे कुणी विचारलं नाही.

मी राहतो जर्मनीच्या रुर भागात, बोखुमला. एका बाजूला डॉर्टमुंड, दुसऱ्या बाजूला गेल्सेनकिर्शेन, दोन्ही लोकल गाडीच्या अंतरावर. सगळा पट्टा कोळशाच्या खाणींचा आणि पोलादाचा. खाणी बंद झाल्या, कारखाने गेले, क्लब राहिले. स्टेडियमची तुलना करायला याहून सोयीची जागा मला माहीत नाही.

आधी एक जुनी गोष्ट, कारण आमच्या ग्रुपवरचं निम्मं भांडण तिच्यात मिटतं. १९७४ च्या वर्ल्ड कपसाठी या भागात दोन स्टेडियम उभी राहिली. गेल्सेनकिर्शेनचं पार्कस्टेडियम भव्य होतं. सत्तर हजारांच्या आसपास प्रेक्षक, मैदानाभोवती ॲथलेटिक्सची धावपट्टी, सगळं साग्रसंगीत. डॉर्टमुंडच्या वाट्याला वर्ल्ड कप आला तोच मुळी कोलोनचं नवं स्टेडियम बारगळलं म्हणून. तिजोरीत पैसे बेताचे. धावपट्टीसकट मोठं स्टेडियम झेपणार नव्हतं, म्हणून धावपट्टीला काट मारली आणि तयार काँक्रीटचे भाग जोडून स्वस्तात काम उरकलं. पन्नास वर्षांनंतरचा निकाल असा: पार्कस्टेडियम तिथल्या शाल्के क्लबनं २००१ मध्ये सोडलं, पुढं ते बरंचसं पाडलं. डॉर्टमुंडचं वेस्टफालनस्टेडियम वाढत वाढत ८१,३६५ प्रेक्षकांचं झालं आणि युरोपातल्या गाजणाऱ्या स्टेडियमच्या कुठल्याही यादीत ते असतं. गरिबीमुळं धावपट्टी टळली आणि प्रेक्षक गोलपोस्टला भिडला.

आपल्याकडं नेमकं उलटं घडत आलं. पुण्याचं बालेवाडी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलं, त्यामुळं धावपट्टी आलीच. सॉल्ट लेकलाही धावपट्टी आहे. एफसी पुणे सिटीच्या मॅचेस बालेवाडीत पाहिलेल्यांना विचारा, कॉर्नर कुणी घेतला हे ओळखायला डोळे किती ताणावे लागायचे. हे दुखणं फक्त आपलं नाही. बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये निळ्या धावपट्टीपलीकडून हेर्था क्लबचे समर्थक वर्षानुवर्षं कुरकुरतात, आणि २०१६ मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये राहायला गेलेल्या वेस्ट हॅम क्लबच्या लोकांचीही हीच तक्रार. आसनसंख्या वाढवणं सोपं असतं, अंतर कमी करणं अवघड. अहमदाबादच्या १,३२,००० खुर्च्यांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी बाळगावा, पण क्रिकेटच्या वर्तुळात फुटबॉल ठेवला की तो लांबच दिसणार.

डॉर्टमुंडची दक्षिण बाजू, जिला सगळे पिवळी भिंत म्हणतात, तिथं २४ हजारांहून जास्त माणसं उभी राहतात. उभी, बसलेली नव्हे. वरच्या भागाचा चढ ३७ अंशांचा. तिथून खाली पाहताना पहिल्या मिनिटाला पोटात गोळा येतो, नंतर विसरायला होतं, कारण पुढच्याच्या खांद्यावर हात आणि मागच्याची बीअर आपल्या मानेवर अशी अवस्था असते. ही भिंत कुठल्या आर्किटेक्टची करामत नाही. तिथला हंगामभराचा पास अडीचशे युरोंच्या आसपास मिळतो, म्हणून ती उभी आहे. बापाचा पास पोराकडं जातो, शेजारी तोच राहतो, वीस वर्षं एकाच कठड्याला टेकलेली माणसं मी तिथं पाहिली आहेत.

लंडनच्या टॉटनहॅम क्लबनं २०१९ मध्ये नवं स्टेडियम बांधताना या भिंतीकडं पाहूनच साडेसतरा हजारांची एकसलग दक्षिण बाजू उभारली. बांधकाम अप्रतिम आहे, शंका नाही. पण तिथला मोठ्या माणसाचा स्वस्तातला हंगामी पासही आठशे पौंडांच्या पुढं. उतार नकलता आला, तिकिटाचा दर नाही आला. इंग्लंडमध्ये १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत ९७ जीव गेले आणि त्यानंतर वरच्या दोन श्रेणींत सगळीकडं खुर्च्या सक्तीच्या झाल्या. सुरक्षेच्या दृष्टीनं ते समजण्यासारखं होतं. पुढं खुर्चीबरोबर दरही चढत गेले आणि गोलपोस्टमागचा पोरगा टीव्हीसमोर जाऊन बसला. आता २०२२ पासून तिथं कठडे लावून उभं राहायला पुन्हा परवानगी मिळू लागली आहे.

आता माझी क्रमवारी, जी ग्रुपवर टाकली तेव्हा मला वेड्यात काढलं. पहिला नंबर बर्लिनच्या युनियन क्लबचा. पूर्व बर्लिनच्या कडेला, झाडीत लपलेलं २२ हजारांचं स्टेडियम, त्यात जेमतेम साडेतीन हजार खुर्च्या, बाकी सगळे उभे. २००८-०९ मध्ये ते मोडकळीला आलं होतं आणि क्लबकडं पैसा नव्हता. दोन हजारांहून जास्त समर्थकांनी श्रमदान केलं. कुणी काँक्रीट ओतलं, कुणी कठडे रंगवले. सुमारे १,४०,००० तासांचं काम झालं. वास्तुरचनेच्या रकान्यात त्याला कुणी दहापैकी चार देईल. मी नऊ देतो. ज्याच्या हाताला तिथलं सिमेंट लागलंय तो तिथली खुर्ची मोडत नाही, हा रचनेचाच भाग मानायला हवा.

दुसरं डॉर्टमुंड. तिसरं आमचं बोखुम, आणि इथं मी पक्षपाती आहे हे मान्य. १९७९ चं, २६ हजारांचं, चार कोपऱ्यांत दिव्यांचे चार खांब. मध्यवर्ती स्टेशनापासून ट्रामनं काही मिनिटं. स्टेडियमच्या भिंतीला लागून तुरुंग आहे, त्यामुळं गोल झाला की आरोळी आतल्यांनाही फुकटात ऐकू येत असणार. चौथं गेल्सेनकिर्शेनचं नवं अरेना: सरकतं छप्पर, अख्खी हिरवळ बाहेर उन्हात ओढून नेण्याची यंत्रणा, खेळाडूंचा बोगदा खाणीच्या भुयारासारखा. इंजिनियर म्हणून मी तिथं तोंड उघडं टाकून पाहत बसतो. छप्पर लावलं की मात्र आवाज डब्यात कोंडल्यासारखा होतो.

पाचवं म्युनिक. २००५ चं अलियान्झ अरेना रात्री लाल उजळतं तेव्हा गाडीतून दिसणारं दृश्य खरंच देखणं असतं, आणि सगळ्या याद्यांत जो फोटो असतो तो हाच. शहराच्या उत्तर टोकाला, हायवेला खेटून. दक्षिणेकडचा कोपरा सोडला तर तिथल्या बायर्न क्लबचं पब्लिक जिंकायची सवय झालेल्या माणसांसारखं बसलेलं असतं.

मावसभाऊ म्हणाला, ‘तुला तिकडं शिस्त दिसत्या म्हणून सगळं गोड वाटतंय.’ शिस्त? डर्बीच्या, म्हणजे शेजारच्या दोन क्लबांच्या मॅचच्या दिवशी इथल्या स्टेशनांवर चिलखतासारखे पोशाख घातलेले पोलीस रांगेनं उभे असतात. स्टँडमध्ये बंदी असूनही लाल मशाली पेटतात, धुरानं खेळ थांबतो, मारामाऱ्या होतात. मी सावळ्या कातडीचा माणूस, रात्रीची मॅच संपल्यावर काही शहरांतून परतताना डबा निवडूनच बसतो. तेव्हा जर्मन माणूस जन्मतः शिस्तीचा आणि कोल्हापूरचा जन्मतः दंगेखोर, हे मला कुणी सांगू नये.

फरक व्यवस्थेचा आहे, आणि तो बराचसा कंटाळवाणा आहे. पाहुण्या संघाच्या समर्थकांचं फाटक वेगळं, वाट वेगळी, आत कुंपण वेगळं. उभं राहायच्या जागेत ठरावीक अंतरावर कठडे, म्हणजे गर्दीची लाट खालपर्यंत जात नाही. अनेक क्लबांच्या तिकिटावरच ट्राम-लोकलचा प्रवास धरलेला, म्हणून मोटारी कमी. अंध प्रेक्षकांसाठी कानात वेगळं समालोचन. आणि प्रत्येक मोठ्या क्लबाजवळ फॅनप्रोजेक्ट नावाचं केंद्र, जिथं पगारी समाजसेवक पोरांबरोबर वर्षभर काम करतात. त्याचा खर्च फुटबॉल संघटना आणि सरकार मिळून उचलतात. एखाद्या पोरावर स्टेडियमबंदी आली तरी त्याला ओळखणारा एक माणूस पोलिसांव्यतिरिक्त असतो.

शिवाय क्लब बहुतेक ठिकाणी सभासदांचा. मतांचं बहुमत सभासदांकडं राहिलं पाहिजे असा इथल्या लीगचा नियम आहे. पळवाटा आहेत, लाइपझिगचा क्लब हे त्यांचं ठळक उदाहरण. तरी २०२३-२४ च्या हंगामात लीगनं बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं तेव्हा देशभरच्या स्टँडमधून टेनिसचे चेंडू मैदानावर पडू लागले. मॅचेस अडल्या, खेळाडू चेंडू वेचत बसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगनं बेत सोडून दिला. आपल्या पेपरात याला हुल्लडबाजीच म्हटलं असतं.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमकडं याच नजरेनं पाहा. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा ही नावं कुठल्या कंपनीनं दिलेली नाहीत, ती तालमींची आणि मंडळांची आहेत. वर्ल्ड कप आला की पेठापेठांत मेस्सी-नेमारचे कटआउट उभे राहतात, पण जीव टांगणीला लागतो तो आपल्या पेठेच्या मॅचला. रुरच्या खाणकामगारांच्या वस्त्यांनी क्लब घडवले ते असेच, शाल्के हेसुद्धा एका वस्तीचंच नाव. वातावरणाच्या रकान्यात शाहू स्टेडियमला मी बिनधास्त म्युनिकच्या वर टाकतो, नाद खुळा वगैरे म्हणायचीही गरज नाही.

म्हणूनच ग्रुपवर कुणी ‘गावाबाहेर चाळीस हजारांचं वर्ल्ड क्लास करू’ म्हणालं की मला धडकी भरते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपसाठी नेरूळचं डी. वाय. पाटील आणि मडगावचं फातोर्डा फिफाच्या कसोटीला उतरली. आपला अनिकेत जाधव भारताच्या त्या संघात होता, किती कौतुक झालं. आठ वर्षांनी, २०२५ मध्ये, आयएसएलचा, म्हणजे देशातल्या मुख्य फुटबॉल लीगचा हंगामच वेळेवर सुरू होईना. इमारत तयार, लीग अधांतरी.

माझी मागणी छोटी आणि फोटोत न येणारी आहे. वेम्बली २००७ मध्ये उघडलं तेव्हा स्टेडियमवरच्या मोठ्या कमानीइतकीच चर्चा तिथल्या २,६१८ शौचालयांची झाली होती. पोरीबाळींना दोन तास मॅच बघायला बसायचं तर तो आकडा कमानीपेक्षा महत्त्वाचा. पुरेशी स्वच्छतागृहं, दोन्ही बाजूंच्या समर्थकांना वेगळी फाटकं, पायऱ्यांत कठडे, उन्हाच्या बाजूला छप्पर, आणि दंगा झाला की अख्खी स्पर्धा बंद करण्याऐवजी तालमीतल्या पोरांशी हंगामाआधीच बोलणारी, त्यासाठी पगार घेणारी चार माणसं. तिकीट मात्र आहे तसंच स्वस्त राहू दे.

मावसभाऊ पुढच्या वर्षी येतोय आणि त्याला म्युनिकच बघायचंय. बघू दे, उन्हाळ्यात रिकाम्या स्टेडियमची टूर मिळते, फोटो छान येतात. डॉर्टमुंडच्या भिंतीवर जागा मिळणं लॉटरी लागल्यासारखं. मी त्याला शनिवारी दुपारी बोखुमला उभा करणार आहे. सध्या आम्ही दुसऱ्या श्रेणीत आहोत, मॅच एक वाजता सुरू होते, उभ्याचं तिकीट पंधरा-वीस युरोंत येतं आणि सॉसेजची रांग लांब असते, त्यामुळं बाराला निघावं लागेल.