एक्स-प्लेनपुरती एक्स्टर्नल चालेल, पण...

एक्स-प्लेनसारखे विमान उडवण्याचे सिम्युलेटर गेम ठेवायला लेखात एक्स्टर्नल (बाहेरून केबलने जोडायची) ड्राइव्ह सरसकट सुचवली आहे, ते मला पटलं नाही. आधी कोणती ड्राइव्ह ते बघा. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला जेमतेम १००-१५० एमबी वाचते, साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली, केबलने जोडायची चिपवाली ड्राइव्ह) साधारण ५५०, आणि थेट मदरबोर्डवर बसणारी एनव्हीएमई ही जास्त वेगवान एसएसडी ३,००० च्या पुढे. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात) ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरवर ठरतो, ड्राइव्हने फारसा वाढत नाही. पण लोडिंग आणि विमान खाली उतरताना सीनरी, म्हणजे जमिनीवरचं दृश्य, उमटणं, इथे फरक जाणवतोच.

मी दोन वर्षं एक्स-प्लेन एक्स्टर्नल एसएसडीवर चालवलं. त्याचं फोल्डर कुठेही ठेवता येतं, ही मोठी सोय. एकदा मात्र गेममध्ये सोलापूरच्या होटगी रोड विमानतळाच्या धावपट्टीवर उतरताना चित्र सारखं अडकायला लागलं. केबल चुकून यूएसबी २ च्या (जुन्या, संथ) पोर्टात होती! तिथे सेकंदाला ४० एमबीसुद्धा मिळत नाहीत. शिवाय आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपार असताना, ती एसएसडीची डबी हाताला चटका देते. तापली की वेग उतरतो.

डेस्कटॉप असेल तर १ टीबीची एनव्हीएमई आतच बसवा. लॅपटॉपमध्ये दुसरा स्लॉट नसेल तरच एक्स्टर्नल एसएसडी घ्या, आणि हार्ड डिस्क फक्त बॅकअपला ठेवा.