वाचणाऱ्याला वळणावर आणण्याचे उपाय

जगाचा विनाश झाल्यानंतरच्या उजाड नगरीत एक शापित सेनापती आणि त्याच्याच कैदेतली वैदीण यांचे प्रेम कसे जुळते, अशी डार्क फँटसी रोमान्सची मालिका आपल्या परिचयातील एखादी बाई आवडीने वाचत असल्याचे आढळल्यास, तिला वेळीच वळणावर आणणे हे सुजाण पुणेकराचे कर्तव्यच आहे.

प्रथम मुखपृष्ठाकडे पाहावे, मग तिच्याकडे, आणि मग पुन्हा मुखपृष्ठाकडे.

हे सारे आजकालचे खूळ आहे, असे ठासून सांगावे. साथीच्या रोगाने अवघी मानवजात संपवणारी कादंबरी मेरी शेलीने १८२६ मध्येच लिहिली होती, असे ती म्हणाल्यास ‘तसे नव्हे हो’ म्हणून विषय बदलावा.

सर्वांत गुणकारी उपाय मात्र गेल्या रविवारी सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयात माझ्यावरच करण्यात आला. सात आठवडे नंबर लावून मिळालेला चौथा भाग ‘बघू, बघू’ म्हणत वाचकाच्या हातून काढून घ्यावा, थेट शेवटचे पान उघडावे आणि ‘मरतो की हो हा तुमचा सेनापती!’ असे रांगेतल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करावे. वर ‘जग बुडाल्यावर प्रेम कुणाला सुचते?’ असेही विचारावे. कुणाला सुचते? १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, म्हणून त्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर पुण्यात मांडव पडले नाहीत की काय? गाळ उपसलेल्या घरांतही नव्या सुना आल्याच ना? सगळे वाहून गेल्यावर माणूस माणसालाच धरतो, आणि त्या मालिकेच्या पहिल्या तीनही भागांत याखेरीज दुसरे काहीही सांगितलेले नाही. पण ते कळायला पुस्तक पहिल्या पानापासून वाचावे लागते.

उपाय पुरे झाले. काका, तुम्हाला शेवट विचारला कुणी होता? त्या सेनापतीचा मी पहिल्या भागात मनापासून द्वेष केला, दुसऱ्यात मला त्याची कीव आली आणि तिसऱ्यात तो जगेल की नाही या धास्तीत मी दोनदा दूध उतू घालवले. दीड हजार पानांची ती धास्ती तुम्ही उभ्या उभ्या संपवलीत, आणि तीही हसत. तुमच्या पिशवीतल्या दोन्ही रहस्यकथा मी वाचलेल्या आहेत, काका. खुनी कोण, हे मला पाठ आहे, आणि माझा आवाजही काही लहान नाही.