चिनीच का?

मी मंदारिन चिनी शिकतो आहे हे कळल्यावर लोक 'अवघड असते का हो?' असे न विचारता 'चिनीच का?' असे विचारतात. पुण्यात जर्मन किंवा जपानी शिकणाऱ्याला हा जाच नाही. त्याचे कारण सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. बावन्नाव्या वर्षी चिनीच्या शिकवणीला जाणाऱ्याकडे मात्र कर्जाचा अर्ज तपासावा तसे पाहिले जाते, आणि म्हणून गेल्या दोन वर्षांत मी माणूस पाहून कारण द्यायला शिकलो आहे.

डॉक्टरांना मी मेंदूच्या व्यायामाचे कारण सांगितले. भाचीला सांगितले की जगात सर्वांत जास्त लोकांची मातृभाषा हीच आहे. सोलापूरच्या सासऱ्यांसमोर मात्र मी थेट त्यांच्याच गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना पुढे केले. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेलेला हा तरुण युद्धाच्या धामधुमीत चिनी शिकला, तिथेच त्याने संसार थाटला, मुलाच्या 'यिन्हुआ' या नावात 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन असे दोन्ही देश बसवले आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच देह ठेवला. सासरे इतके गहिवरले की त्यांनी वह्यांसाठी पाचशे रुपये काढून दिले. ते घेताना मला लाज वाटली, पण घेतले.

खरे कारण इतके उदात्त नाही. भोसरीत माझे लहानसे वर्कशॉप आहे. तिथल्या मशीनसाठी एका चिनी पुरवठादाराशी व्हिडिओ कॉल चालू असताना मी माझा शेवटचा भाव सांगितला, तेव्हा पलीकडची दोघे आपसांत चार शब्द बोलली, खुदकन हसली आणि मग इंग्रजीत 'ओके' म्हणाली. सौदा झाला, मशीन आले, उत्तम चालतेही आहे. परंतु ती दोघे हसली कशाला, हा प्रश्न रात्रभर पंख्याबरोबर माझ्या डोक्यावर गरगरत राहिला. दुसऱ्याच आठवड्यात मी शिकवणीची फी भरली.

सुरुवात सुखाची होती. 'प' आणि 'फ' यांतला फरक आपल्या जिभेला उपजतच ठाऊक असतो आणि चमच्यातला 'च' चिनीतही असतो, त्यामुळे बाईंनी माझ्या उच्चारांचे कौतुक केले. मग सूर आले. 'मा' उंच आणि सपाट धरला तर आई, प्रश्न विचारल्यासारखा वर चढवला तर ताग, खाली बुडवून वर काढला तर घोडा आणि दटावल्यासारखा आपटला तर रागावणे! मी गॅलरीत हा रियाज करू लागल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी 'बकरी पाळलीत का?' असे विचारले. 'माय' बुडवला की विकत घेणे आणि आपटला की विकणे, हे तर धंद्याच्या माणसाला देशोधडीलाच लावणारे. लिहितानाही विकत घेण्याच्या चिन्हावर अधिकच्या खुणेसारखी एक टोपी चढवली की त्याचे विकणे होते.

गेल्या महिन्यात सुट्या भागांसाठी त्याच दोघांशी पुन्हा कॉल झाला. ती पुन्हा आपसांत बोलली, पुन्हा हसली, आणि कान टवकारून बसलेल्या मला त्यातला एक शब्द चक्क कळला : 'श्वेज्याव'! दोन वर्षांची फी वसूल झाल्याच्या आनंदात मी बाईंना फोन केला. त्यांनी शांतपणे विचारले, 'सूर कोणता होता?' कारण एका सुरात त्याचा अर्थ पाण्यात उकळलेले, मोमोसारखे डम्पलिंग असा होतो आणि दुसऱ्या सुरात झोपणे. सूर नेमका हसण्यात बुडाला होता.

आपले साडेनऊ वाजले होते, म्हणजे तिकडे दुपारचे बारा. तेव्हा जेवणाचाच बेत चालला असणार, असे बाईंचे मत पडले. त्या वेळी मी वाहतूक खर्चावर सलग चाळीस मिनिटे बोलत होतो, हे मी त्यांना सांगितलेले नाही.