रिचर्ड मोअर अनाथ नव्हता

गेल्या रविवारी बॉस्टनजवळून भाचीच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती दहा वर्षांची आहे, शाळेत वंशवृक्षाचा प्रकल्प दिलाय. आईकडच्या बाजूसाठी तिला आमचा कुलवृत्तांत हवा असेल म्हणून मी पुस्तक काढूनच बसले होते. पण तिने विचारलं भलतंच. ‘मावशीआजी, रिचर्डला आई नव्हतीच का गं?’

रिचर्ड म्हणजे रिचर्ड मोअर. तिच्या वडिलांच्या आजीचं माहेर मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचं आणि त्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून इंग्लंडहून अमेरिकेला गेलेला हा पाच वर्षांचा मुलगा. त्याला आई नव्हती हे हिला कुणी सांगितलं? चौकशी केली तर मूळ आमच्याच घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निघालं. माझ्या मामेभावाने ‘चारशे वर्षांची वंशावळ एका तासात’ असा लांबलचक मजकूर टाकला होता आणि भाचीने मोठ्या कौतुकाने तो लेकीला वाचून दाखवला होता. त्यानंतर तोच मजकूर मला आणखी तीन ठिकाणांहून आला.

त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: मेफ्लॉवरची माणसं हे अमेरिकेत वसलेले पहिले इंग्रज. त्यातली मोअर भावंडं लंडनच्या रस्त्यांवरची अनाथ पोरं, देवभीरू प्रवाशांनी दया येऊन त्यांना सोबत घेतलं. आडनाव टाकलं की घराण्याचं राजचिन्ह मिळतं, आणि मेफ्लॉवरचा प्रत्येक वंशज राजघराण्यातलाच. स्पेलिंग जुळत नसेल तर ते एलिस बेटावरच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रातल्या, कारकुनाने बदललं असं समजावं. लाळेची डीएनए चाचणी केली की कागदांची गरजच नाही. आणि शेवटी नेहमीचं पालुपद, गोऱ्यांनी सगळं जपलं, आपण काहीच जपलं नाही.

कुलवृत्तांताच्या कामात माझी नऊ वर्षं गेली आहेत. एकेका नावासाठी देवस्थानच्या वह्या, सातबारे, जुनी पत्रं चाळली आहेत. त्यामुळे हे वाचून राग आला आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

आधी अनाथपणाचंच बघू, कारण एका लहान मुलीच्या मनाला लागलं ते हेच.

रिचर्डचा बाप्तिस्मा १३ नोव्हेंबर १६१४ रोजी श्रॉपशर परगण्यातल्या शिप्टन गावच्या चर्चमध्ये झाला. त्याच नोंदवहीत त्याची मोठी बहीण एलेन १६१२ मध्ये, भाऊ जॅस्पर १६१३ मध्ये आणि धाकटी मेरी १६१६ मध्ये आहे. आईचं नाव कॅथरिन मोअर, कागदोपत्री वडील सॅम्युअल मोअर. कॅथरिन आणि सॅम्युअल एकमेकांचे नात्यातलेच. १६११ साली लग्न झालं तेव्हा सॅम्युअल जेमतेम सतरा वर्षांचा आणि कॅथरिन त्याच्याहून बरीच मोठी. तिच्या वडिलांना मुलगा उरला नव्हता, लार्डनची जमीन घराण्याबाहेर जाऊ नये म्हणून हे लग्न जमवलेलं. जमिनीसाठी लावलेली लग्नं आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नकोत.

पुढे सॅम्युअलला संशय आला, मग खात्री झाली, की ही मुलं आपली नसून जेकब ब्लेकवे नावाच्या शेजारच्या माणसाची आहेत. मुलांचे चेहरे त्याच्यासारखे दिसतात, हे कारण त्याने स्वतः लिहून ठेवलंय. १६१६ मध्ये त्याने चारही मुलं आईपासून काढून आपल्या वडिलांच्या एका कुळाच्या घरी ठेवली. मेरी तेव्हा तान्ही होती. कॅथरिन त्या घरी जाऊन थडकली, मुलांना ओढून नेऊ लागली, त्या झटापटीत मुलांच्या अंगावरचे कपडे फाटले. मग कोर्टकचेरी सुरू झाली. ब्लेकवेशी आपलं आधीच वचन झालं होतं, साक्षीदार आणून ते सिद्ध करता येणार नाही, पण देवासमोर ते लग्नच आहे, असं तिचं म्हणणं होतं. हे म्हणणंही आपल्यापर्यंत येतं ते नवऱ्याच्या कैफियतीतून. जुलै १६२० मध्ये तिचा दावा कायमचा फेटाळला गेला आणि त्याच महिन्यात मुलांना लंडनला नेण्यात आलं.

तिथून मेफ्लॉवर. जहाजावरच्या प्रौढ प्रवाशांत त्यांची वाटणी झाली. एलेन एडवर्ड विन्स्लोकडे, जॅस्पर जॉन कार्व्हरकडे, रिचर्ड आणि मेरी विल्यम ब्रूस्टरकडे. करार असा की खाणंपिणं, कपडालत्ता, निवारा द्यायचा आणि सात वर्षांनी प्रत्येकाला पन्नास एकर जमीन. आठ, सात, पाच आणि चार वर्षांची ही मुलं. जॅस्पर डिसेंबरमध्ये, जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याला, केप कॉडच्या उपसागरात नांगरलेलं असतानाच गेला. एलेन आणि मेरी त्याच हिवाळ्यात गेल्या. जहाजावरच्या १०२ प्रवाशांपैकी जवळजवळ निम्मे त्या पहिल्या हिवाळ्यात दगावले. चार भावंडांतला रिचर्ड एकटा उरला.

कॅथरिन इतक्यावर थांबली नाही. १६२२ च्या सुमाराला तिने इंग्लंडचे मुख्य न्यायाधीश जेम्स ली यांच्याकडे अर्ज केला की माझी मुलं कुठे पाठवली, कुणाच्या अधिकारात पाठवली. तेव्हा तिघांना जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. त्या अर्जाला उत्तर म्हणून सॅम्युअलने जी कैफियत लिहिली, ती घराण्याच्या कागदपत्रांत १९५९ साली सापडली. पुढच्या वर्षी ‘न्यू इंग्लंड हिस्टॉरिकल अँड जिनिऑलॉजिकल रजिस्टर’ या बॉस्टनच्या त्रैमासिकात अँथनी वॅग्नर यांनी ती सगळी हकिगत मांडली. वॅग्नर म्हणजे इंग्लंडच्या कॉलेज ऑफ आर्म्समधले, वंशावळींचे कागद तपासणं हेच ज्यांचं काम. गोष्ट छापून साठ वर्षं होऊन गेली आणि लोक अजून ‘रस्त्यावरची पोरं’ म्हणून पुढे ढकलत आहेत!

यात अर्धसत्य एवढंच की लंडन शहराने १६१९ साली खरोखर शंभर गरीब मुलं जहाजात घालून अमेरिकेला पाठवली होती. पण ती व्हर्जिनियाला. मोअर मुलांचे आईबाप माहीत नव्हते तेव्हा जुन्या अभ्यासकांनी तोच तर्क यांनाही लावला. कागद सापडेपर्यंत तो तर्क होता आणि चुकीचा असला तरी प्रामाणिक होता. कागद सापडल्यावर तो चालवणं म्हणजे जी आई दारोदार आणि कोर्टोकोर्टी फिरली, तिला पुन्हा एकदा पुसून टाकणं.

‘दया येऊन’ हे तर मला अजिबात सहन होत नाही. दया कुणाला आली नव्हती. ही मुलं नजरेआड करायची होती. देशात राहिली तर जन्माचा बट्टा त्यांच्यामागे राहील, असं सॅम्युअलने लिहिलंय. बट्टा कुणाला नकोसा झाला होता ते आपण समजू शकतो.

यातून वंशावळ शोधणाऱ्याने घ्यायचं ते असं. मेफ्लॉवरच्या लोकांनी वसवलेल्या प्लिमथचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी जहाजावरच्या माणसांची यादी स्वतः लिहून ठेवली आहे. प्रत्यक्ष सोबत आलेला माणूस, याहून चांगला साक्षीदार कोण? तरीही ब्रूस्टरच्या घरात त्यांनी ‘रिचर्ड मोअर आणि त्याचा आणखी एक भाऊ’ लिहिलंय. तो भाऊ नव्हता, ती चार वर्षांची मेरी होती. तीसेक वर्षांनी आठवून लिहिताना चूक झाली. शिप्टनची नोंदवही आणि सॅम्युअलची कैफियत शेजारी ठेवल्यावरच मेरीला तिचं नाव परत मिळालं. म्हणून एका कागदावर कधी विसंबायचं नाही. आणि दगडावर तर नाहीच. सेलमच्या चार्टर स्ट्रीटवरच्या दफनभूमीत रिचर्डच्या थडग्याचा दगड आजही आहे. त्यावर वय ८४ आहे, आणि नंतर कुणीतरी ‘मृत्यू १६९२’ असं कोरून ठेवलंय. १६१४ चा बाप्तिस्मा धरला तर ८४ आणि १६९२ यांचा मेळ बसत नाही, आणि १६९४ मध्ये तो हयात असल्याचा कागद आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुरात अर्थात १६९२ च छापलंय.

बाकीचे मुद्दे मी भराभर घेते.

पहिले इंग्रज? व्हर्जिनियातलं जेम्सटाउन १६०७ मध्ये वसलं, मेफ्लॉवरच्या तेरा वर्षं आधी. न्यू इंग्लंडमध्ये टिकून राहिलेली पहिली इंग्रज वसाहत म्हणायचं असेल तर प्लिमथ, ते मान्य.

एलिस बेटाचं केंद्र सुरू झालं १८९२ साली. सतराव्या शतकात आलेल्या माणसाचं आडनाव तिथला कारकून कसं बदलणार? मुळात तिथे नावं बदलतच नसत, अधिकारी जहाजावरून आलेल्या यादीवर खुणा करत. स्पेलिंग वेगवेगळं दिसतं ते त्या काळी स्पेलिंग ठरलेलंच नव्हतं म्हणून. लिहिणाऱ्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. आपल्या मोडी कागदांतही एकाच माणसाचं आडनाव दोन पानांवर दोन तऱ्हेने येतं. वर्षाचा घोळ मात्र खरा आहे आणि त्याबद्दल मजकुरात अवाक्षर नाही. १७५२ पर्यंत इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतली तारीख एका वर्षाने मागे दिसते. शके आणि इसवी सन जुळवताना आपण पौष-माघात जी काळजी घेतो तीच.

राजचिन्हाबद्दल: इंग्लंडमध्ये ते एका माणसाला दिलं जातं आणि त्याच्या वंशात जातं, आडनावाला नाही. मोअर आडनावाच्या सगळ्यांना एकच चिन्ह छापून विकणारे फक्त छपाई विकतात. ‘राजघराण्यातलाच’ हेही सरसकट खोटं. पण नाइलाजाने मान्य करायला हवं की रिचर्डच्या बाबतीत ते खरं निघालंय, इंग्लंडचा पहिला एडवर्ड त्याच्या पूर्वजांत आहे. आणि ते नातं कॅथरिनकडून येतं. मुलांचा बाप कोण यावर चारशे वर्षं कितीही वाद घाला, ही रेघ आईची आहे आणि तिला कुठलंच कोर्ट हात लावू शकत नाही. तिला गाळून राजाचं नाव मिरवता येत नाही.

डीएनए चाचणी जवळच्या नात्यांसाठी उपयोगी आहे, मी स्वतः केली आहे. पण बारा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या ४०९६ जागा होतात आणि त्यांतल्या कित्येकांचा कणही आपल्यात उतरलेला नसतो. रिचर्ड मोअर लाळेत सापडत नाही. तो सापडतो ते आजपासून एकेक पिढी मागे जात, प्रत्येक सांध्याला कागद लावत. त्यासाठी मॅसॅच्युसेट्सच्या गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी पुस्तकरूपात छापलेल्या आहेत, मृत्युपत्रं आहेत, जमिनीचे दस्त आहेत. मेफ्लॉवरच्या वंशजांची संस्था १८९७ पासून आहे आणि ती पहिल्या पाच पिढ्या कागदानिशी तपासून छापते. यातलं बरंच घरबसल्या बघता येतं, एवढं खरं. पण एका तासात? इंटरनेटवरची बहुतेक झाडं एकमेकांवरून उतरवलेली आहेत, एकाची चूक शंभर ठिकाणी. शिवाय रिचर्डने १६३६ मध्ये प्लिमथला क्रिश्चन हंटरशी लग्न केलं आणि ती सेलममध्ये जिवंत असताना १६४५ मध्ये लंडनच्या स्टेपनीत दुसरं केलं, तिथल्या नोंदवहीत तो ‘न्यू इंग्लंडमधल्या सेलमचा खलाशी’ म्हणून आहे. ‘एका तासात’ वाल्याच्या झाडावर ही फांदी दिसणार नाही.

आपण काही जपलं नाही, हे म्हणणाऱ्याने त्र्यंबकेश्वरला जाऊन उपाध्यांकडे आपलं गाव आणि आडनाव सांगावं. आजोबा-पणजोबांच्या हातच्या सह्या समोर येतात. आपल्याकडे उणीव वेगळी आहे. आमच्या कुलवृत्तांतात सतराव्या शतकापासूनचे पुरुष ओळीने आहेत आणि पहिल्या पाच पिढ्यांतल्या एकाही बाईचं माहेर नाही, तिघींचं तर नावही नाही. म्हणून कॅथरिनबद्दल मी एवढी चिडले असेन.

मुलीला मी व्यभिचार वगैरे काही सांगितलं नाही. आईवडिलांचं पटलं नाही, वडिलांनी मुलांना लांब पाठवलं, आईने त्यांना परत मिळवायला खूप धडपड केली, एवढंच सांगितलं. आणि चौघांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा लिहून पाठवल्या. दुसऱ्या दिवशी तिने वंशवृक्षाचा फोटो पाठवला. रिचर्डच्या चौकटीशेजारी तिने तीन छोट्या चौकटी काढल्यात आणि वर कॅथरिनचं नाव लिहिलंय, तिच्या आवडत्या जांभळ्या पेनाने. तो फोटो मी ग्रुपवर मामेभावाच्या मजकुराखालीच टाकला आहे. दादा, आता तो मजकूर तू जिथे जिथे पाठवलास, तिथे तिथे हेही पाठव.